वडील नौदलात बॉयलरवर होते, आता मेसोथेलिओमा निघाला. सरकारकडून काय मिळू शकतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचायचं झालं तर संदर्भ लागेल. वडील कोरेगाव तालुक्यातले. १९६८ साली नौदलात भरती, स्टोकर म्हणून. एका क्रूझरवर आणि नंतर एका फ्रिगेटवर बहुतेक सगळी नोकरी बॉयलर रूममध्ये. १९९० ला पेन्शनवर बाहेर. १९९२ पासून १४ वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर. गेल्या दिवाळीत उजव्या छातीत पाणी झालं, टीबी समजून गोळ्या सुरू झाल्या, पाणी पुन्हापुन्हा भरत राहिलं, शेवटी पुण्यात तुकडा काढून तपासला तर मेसोथेलिओमा, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. डॉक्टरांनी विचारलं, "ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय का?" तुम्ही मोबाइलवर शोधलंत तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांना या आजारासाठी महिन्याला हजारो डॉलर मिळतात असं दिसलं. आपल्याकडे काही आहे का, एवढंच विचारलंय.

आहे. पण अमेरिकेसारखं नाही, आणि एका खिडकीवर नाही. मी नौदलात रायटर होतो. म्हणजे लेखक नव्हे, लेखनिक! खलाशांचे पगार, बदल्या, सुटतानाचे कागद हेच आयुष्यभर केलं. साताऱ्यात परतल्यावर १९ वर्षं माजी सैनिकांच्या पेन्शनच्या फायली भरतोय. अपशिंग्यापासून खटाव-माणपर्यंत आपल्या जिल्ह्यात घरटी एक फौजी, त्यामुळे कामाला तोटा नाही. फुप्फुसाच्या फायली त्यात थोड्या, पण त्याच सर्वांत अवघड. का, ते पुढे येईलच.

आधी मोबाइलवर दिसलेल्या त्या अमेरिकी जाहिरातींचं. तिथली योजना अमेरिकेच्या फौजेत नोकरी केलेल्यांसाठी आहे. मेसोथेलिओमा असेल तर ते १०० टक्के अपंगत्व धरतात आणि एकट्या माणसालाही महिना ३,८०० डॉलरच्या वर देतात. दिवाळखोर ॲस्बेस्टॉस कंपन्यांच्या पैशातून उभारलेले ट्रस्ट वेगळेच. आपला त्यावर काही हक्क नाही. तेव्हा तिथल्या वकिलांच्या फॉर्ममध्ये वडिलांचं नाव, आधार, रिपोर्ट भरू नका. मनाला जास्त लागते ती इंग्लंडची गोष्ट. त्यांची 'हर्मीस' ही विमानवाहू नौका १९८७ च्या मे महिन्यात आपली 'विराट' झाली. तिच्यावर काम केलेल्या इंग्रज खलाशाला आज मेसोथेलिओमा झाला, तर तिथलं सरकार एकरकमी १,४०,००० पौंडांचा पर्याय देतं. २०१५ च्या शेवटी हा निर्णय झाला. तीच नौका, त्याच पाइपांखाली झोपलेला आपला माणूस मात्र सर्वसाधारण नियमांतून वाट काढतो. ॲस्बेस्टॉससाठी वेगळी अशी योजना आपल्या संरक्षण खात्याची नाही.

पण अमेरिकेची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ते तीन कागद मागतात: आजाराचे वैद्यकीय कागद, नोकरीत नेमकं काय काम होतं त्याची नोंद, आणि या दोन्हींचा संबंध जोडणारं डॉक्टरांचं लेखी मत. आपल्याकडे असं कुणी स्पष्ट मागत नाही, म्हणून लोक पहिला कागद जोडून मोकळे होतात आणि फाईल पडते. मी गेली काही वर्षं तिन्ही जोडतो.

आता आपल्याकडचं. दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या ठेवा. उपचार ही एक वाट, ती आज उघडी आहे. पेन्शनमधली वाढ ही दुसरी. ती अरुंद आहे आणि तिला वेळ लागतो. पेन्शनच्या नादात उपचारांचे महिने घालवलेली घरं मी पाहिली आहेत. या आजारात महिने मोजून मिळतात, वर्षं नाहीत.

उपचारांसाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. १ एप्रिल २००३ पासून ही योजना सुरू आहे. वडील पेन्शनर आहेत, म्हणजे पात्र आहेत, आणि १ जानेवारी १९९६ च्या आधी सुटलेल्यांना वर्गणीही भरावी लागत नाही. आजार सेवेमुळे झाला की नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. कार्ड काढलं नसेल तर आजच ऑनलाइन अर्ज करा. आईचं नाव त्यात आहे का, तेही पाहा. कार्ड असेल तर साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन रेफरल घ्या. सांगली जिल्ह्यातल्यांना सांगलीचं पॉलिक्लिनिक आहे. पुण्यात लष्कराची छातीच्या आजारांची मोठी संस्था आहे, आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेस. जुने लोक तिला अजून 'सीटीसी' म्हणतात. शक्य असेल तर एक मत तिथलं घ्याच. उपचार दुसरीकडे, पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात चालले तरी हरकत नाही, पण लष्करी रुग्णालयातल्या छातीच्या तज्ज्ञाने कागदावर "ॲस्बेस्टॉसशी संबंध" असं लिहिलं, तर पुढे मेडिकल बोर्डापुढे त्या ओळीचं वजन वेगळं असतं.

रेफरल आधी, ॲडमिशन नंतर, हा क्रम मोडू नका. रात्री-अपरात्री दम लागला आणि जवळच्या रुग्णालयात न्यावं लागलं, तर दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. केमो, छातीतलं पाणी काढणं, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर हे सगळं तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर मिळतं. नवी, महागडी इम्युनोथेरपी कुणी सुचवली तर आधी लेखी मंजुरी, मगच पहिला डोस. उलट केलं की बिल घरात राहतं. आणखी एक: ७० वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान कार्डाचे कॅम्प गावोगाव लागतात. ईसीएचएसवाल्यांना दोन्हींपैकी एकच निवडता येतं. तिथे ५ लाखांची मर्यादा आहे. कुणी घाईत अंगठा घेतला म्हणून ईसीएचएस सोडून बसू नका.

(दहा वर्षं करून, पेन्शनशिवाय सुटलेले जे आहेत त्यांना ईसीएचएस सहसा मिळत नाही. त्यांनी मात्र आयुष्मान, महात्मा फुले योजना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधीचा गंभीर आजारासाठीचा अर्ज करावा. ६५ वर्षांवरच्या, हवालदार किंवा त्याखालच्या दर्जाच्या बिनपेन्शनवाल्यांना त्याच निधीतून मासिक मदत आहे. २०२५ च्या नोव्हेंबरपासून ती ४,००० ची ८,००० झाली. तुमच्या वडिलांना हे लागू नाही.)

आता पेन्शन. इथे जरा थांबून समजून घ्या.

सेवेमुळे जडलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या आजाराला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनवर अपंगत्वाची जादा रक्कम, मिळतो. १०० टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. २० टक्क्यांच्या खाली काही नाही. धरलेली टक्केवारी वरच्या पायरीला नेतात: ५० च्या आतलं ५० होतं, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००. हे आधी फक्त आजारामुळे बोर्डआउट झालेल्यांना, म्हणजे मेडिकल बोर्डाने मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होतं. पूर्ण नोकरी करून सुटलेल्यांनाही ते मिळालं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सांगितलं. हिशेबापुरतं, पगार ५०,००० धरला तर १०० टक्क्यांना १५,००० आणि ४० टक्के लागले तर ते ५० धरून ७,५००. वडिलांचा १९९० चा पगार आजच्या श्रेणीत बसवून हिशेब होतो, त्यामुळे जुना पगार पाहून निराश होऊ नका. २०२३ च्या सप्टेंबरपासून नवे नियम आले, त्यांवर यूट्यूबवर बराच गदारोळ आहे. ते त्यानंतर सुटलेल्यांसाठी. तुमचा त्यांच्याशी संबंध नाही.

अडचण वेगळीच आहे. सुटताना वडिलांचं मेडिकल झालं तेव्हा ते ठणठणीत होते. सुटल्यानंतर उद्भवलेल्या आजारासाठीही नियमात जागा आहे: आजाराची प्रक्रिया नोकरीतच सुरू झाली होती आणि ती उशिरा प्रकट झाली, असं वैद्यकीयदृष्ट्या दाखवता आलं तर तो सेवेमुळेच धरता येतो. वाचायला वाटतं, हा नियम ॲस्बेस्टॉससाठीच लिहिलाय! पण त्याला मुदत आहे. २००८ च्या पात्रता नियमांत ती सुटल्यापासून १० वर्षांची आहे. आणि ॲस्बेस्टॉसचा तंतू छातीत गेल्यापासून मेसोथेलिओमा दिसेपर्यंत २० ते ५० वर्षं लागतात. म्हणजे आजाराचा स्वभाव एका बाजूला आणि नियमाचं कॅलेंडर दुसऱ्या बाजूला. बावीस-तेविसाव्या वर्षी बॉयलर रूममध्ये गेलेला मुलगा चाळिशीत सुटतो. त्याला आजार दिसणार सत्तरीत. १० वर्षांच्या खिडकीत तो बसणार कसा? शिवाय दुसरी अट अशी की, सुटताना आजार दिसला असता तर माणसाला त्यापायी घरी पाठवावं लागलं असतं.

म्हणून सरळ अर्ज केलात तर उत्तर काय येईल ते मी आत्ताच सांगतो: "निदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड". सेवेमुळे नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही. आमच्या धंद्यात त्याला आद्याक्षरांवरून 'नाना' म्हणतात. पोस्टमनने पाकीट दिलं की माणूस फोनवर सांगतो, "नाना आले."

नानांना परत पाठवायचं तर एकच गोष्ट कामाला येते: सुटल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला छातीचा कागद. तुमच्या प्रश्नात एक ओळ तुम्ही सहज लिहिलीत, की १९९२ ला कारखान्यात लागताना मेडिकल झालं होतं. माझ्या दृष्टीने सबंध पत्रातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. त्या मेडिकलला छातीचा एक्स-रे काढला असेल. तो सुटल्यानंतर दोन वर्षांचा. जुने नियम लावा, नवे लावा, मुदतीच्या आतला.

खटाव तालुक्यातल्या एका आर्टिफिसरची, म्हणजे नौदलातल्या तंत्रज्ञाची, फाईल माझ्याकडे होती. सुटल्यावर ते व्यापारी जहाजांवर गेले, आपण 'शिपिंगला गेले' म्हणतो तसे. पंचवीसेक वर्षांनी दम लागू लागला, ॲस्बेस्टॉसिस निघाला, म्हणजे त्या तंतूंनी फुप्फुस कडक होण्याचा आजार. पहिल्या अर्जाला नाना आले. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी माळ्यावरून काळी लोखंडी ट्रंक काढली. आत युनिफॉर्मची टोपी, डांबराच्या गोळ्या, आणि खाली तपकिरी पाकिटात एक एक्स-रे फिल्म. शिपिंगच्या मेडिकलची, सुटल्यानंतर सहाव्या वर्षीची. फिल्म कडेने पिवळी पडली होती, पण रिपोर्टचा टाइप केलेला कागद पिनेने लावलेला होता. त्यात एक ओळ: दोन्ही बाजूंच्या फुप्फुसाच्या आवरणावर चुना साठल्याच्या पट्ट्या, जुना बरा झालेला क्षय असावा. त्या माणसाला क्षय कधी झालाच नव्हता. मिरजेच्या एका छातीच्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंना, डायफ्रॅमवर, असा टीबी सहसा बसत नाही. ह्या प्लाक आहेत." तेवढंच त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं. पहिलं अपील तरीही फेटाळलं गेलं. दुसऱ्या अपिलात बोर्ड पुन्हा बसलं, ४० टक्के लागले, ते ५० धरले गेले. या सगळ्याला साडेतीन वर्षं लागली.

खोटी आशा दाखवायची नाही म्हणून सांगतो. प्लाक म्हणजे आजार नव्हे, तो तंतू आत गेल्याची खूण आहे. कडक बोर्ड म्हणेल, प्लाकमुळे कुणी घरी जात नाही. त्या आर्टिफिसरचा ॲस्बेस्टॉसिस होता, तो हळूहळू वाढतो, त्यामुळे जोडणी सोपी गेली. मेसोथेलिओमात ती अवघड आहे. पण फाईल उभी राहायला ती खूण लागतेच. तिच्याशिवाय मी वीसातली एकही फाईल पुढे नेऊ शकलेलो नाही.

दुसरा कागद कामाचा. वडिलांचं सर्व्हिस सर्टिफिकेट काढा. त्यावर कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत ते असतं. हरवलं असेल तर मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे वैयक्तिक नंबर घालून मागा, सोबत माहितीच्या अधिकाराखाली वैद्यकीय कागदांची प्रतही मागा. २५ वर्षं झाली, कागद नष्ट केले, असं उत्तर येऊ शकतं. ते उत्तरसुद्धा जपून ठेवा. कागद सरकारच्या ताब्यात होते आणि सरकारनेच नष्ट केले, हे पुढे न्यायाधिकरणात तुमच्याच बाजूने बोलतं.

पण सर्टिफिकेटवर फक्त जहाजाचं नाव आणि हुद्दा असतो. ॲस्बेस्टॉस हा शब्द कुठेही सापडणार नाही. आणि मेडिकल अधिकाऱ्यांच्या पुस्तिकेचा सगळा भर असतो तो घातक पदार्थाशी कामात संबंध आल्याच्या नोंदीवर. ती नोंद आपण तयार करायची, खरी. वडिलांना बोलायला त्रास होत नसेल तेव्हा शेजारी बसा आणि काम विचारा, आजार नाही. "बॉयलरवर होतो" एवढ्यावर सोडू नका. वाफेचा पाइप गळला की वरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, कशाने फोडायचे? हातोडी-छिन्नीने. मग ते कुठे पडायचं? प्लेटवर, अंगावर. जोड झाल्यावर पुन्हा कशाने लिंपायचे? पांढरी पूड बादलीत पाण्यात कालवायची, हाताने थापायची, वरून कापड गुंडाळायचं. पूड ओतताना पोत्यातून धूर उठायचा का? तोंडाला काय असायचं? रुमाल, तोही घामासाठी. गॅस्केट कोण कापायचं? बॉयलरच्या दाराला दोरी कसली असायची? मेसमध्ये झोपायच्या जागेवरून कोणते पाइप जायचे? हे सगळं तारखांसकट, रिफिटच्या (जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीच्या) महिन्यांसकट, दोन पानांत लिहा आणि प्रतिज्ञापत्र करा. बरोबर काम केलेले दोन जण शोधा. बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप असतातच. त्यांचीही प्रतिज्ञापत्रं घ्या. सगळ्यांची भाषा एकसारखी नको. माझ्यासारख्याने तिघांचा एकच मजकूर टाइप केला की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

जहाजांबद्दल एक परिच्छेद जोडा. जुनी 'विक्रांत' १९४३ साली इंग्लंडमध्ये बांधायला घेतलेली, 'म्हैसूर' क्रूझर दुसऱ्या महायुद्धात लढून १९५७ साली आपल्याकडे आलेली. वाफेवर चालणाऱ्या त्या पिढीच्या जहाजांत उष्णता अडवायला ॲस्बेस्टॉस वापरायची जगभर रीत होती, ही काही वादाची गोष्ट नाही. फ्रान्सची 'क्लेमेन्सो' २००६ साली अलंगला तोडायला येत असताना याच कारणाने माघारी बोलवावी लागली. मोडायला आलेल्या जहाजातलं ॲस्बेस्टॉस मजुराला घातक, हे तेव्हा सगळ्या देशाने टीव्हीवर ऐकलं. मग तसल्या जहाजात वीस वर्षं राहिलेल्या खलाशाला काय? हा प्रश्न अर्जात विचारायचा नसतो, पण लिहिताना मनात असू द्या.

तिसरा कागद डॉक्टरांचा. इथे माझा अनुभव असा की मोठे डॉक्टर उपचार मनापासून करतात, पण दोन ओळी लिहायला वेळ नसतो. एका रुग्णालयात मी तीन वेळा हेलपाटे घातले आणि हाती आली फक्त डिस्चार्ज समरी, तीही 'धूम्रपानाचा इतिहास' एवढंच ठळक लिहिलेली. म्हणून मजकूर आपणच नेऊन दाखवायचा. सार असं: रुग्णाचं निदान बायॉप्सीने निश्चित झालेलं आहे, रुग्णाने अमुक साल ते अमुक साल जहाजाच्या बॉयलर रूममध्ये ॲस्बेस्टॉसच्या लॅगिंगचं काम केल्याचं सांगितलं आणि सर्व्हिसचा कागद मी पाहिला, हा आजार तंतू आत गेल्यावर काही दशकांनी दिसतो, त्यामुळे त्याची सुरुवात त्या काळात झाली असण्याची दाट शक्यता आहे. "शक्यता" हा शब्द चालतो, डॉक्टरांना घाबरवू नका. वडील विडी ओढत असतील तर लपवू नका. मेसोथेलिओमाचा विडी-सिगारेटशी संबंध नाही, तेवढं एक वाक्य त्यांच्याकडून मागून घ्या. (फुप्फुसाचा साधा कर्करोग असता तर गोष्ट वेगळी. तिथे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस एकमेकांचा जोर वाढवतात.) बायॉप्सीचा पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड ज्या लॅबमध्ये आहेत, तिथून पावती घेऊन ताब्यात घ्या. दुसरं मत लागलं तर पुन्हा छातीत सुई नको.

कारखान्याची १४ वर्षं लपवायचा मोह होईल. होऊ देऊ नका. बोर्ड पहिला प्रश्न तोच विचारतं, सुटल्यावर काय केलं? तिथेही बॉयलर, तिथेही लॅगिंग. उत्तर एवढंच: नौदलातली २२ वर्षं आधीची, बंद जागेतली, आणि तरुण वयातली. नियमाला सेवा हेच एकमेव कारण लागत नाही. अर्जात "सेवेमुळे, निदान सेवेने बळावलेला" असं दोन्ही लिहा. एका बोर्डाने तर घरावरच्या सिमेंटच्या पत्र्यांबद्दल विचारलं होतं. अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राचे गोठे त्या पत्र्यांचे आहेत! शाबूत पत्रा आणि हाताने कालवलेली पूड यांत फरक आहे, हे डॉक्टरच सांगतील.

कामगारांच्या भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात ॲस्बेस्टॉसिस यादीत होता, पण सैन्यदलातल्या माणसाला तो कायदा वगळत असे. कारखान्याच्या वर्षांसाठी तिकडे जाता येईल का, हे वेगळ्या वकिलाला विचारा. मला त्यातून फारसं निघताना दिसलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल मात्र अर्जाला जोडाच. त्यात ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिराचं असेल तोवर जपायला सांगितलं आहे. हा आजार १० वर्षांत दिसत नाही, हे देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने तीस वर्षांपूर्वी धरून चाललेलं आहे. दुसरा निकाल धरमवीर सिंग, जुलै २०१३: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर शंकेचा फायदा सैनिकाला. तो नोकरीत असतानाच्या आजाराचा आहे, आपल्याला जशाच्या तसा लागू पडत नाही, पण आधार देतो.

अर्ज मुंबईच्या नेव्हल पेन्शन ऑफिसला, प्रत ब्युरोला, साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं कव्हरिंग लेटर घेऊन, स्पीड पोस्टाने. नकार आला की सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. उशीर झाला म्हणून पेन्शनचा हक्क मरत नाही, फक्त थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. मधे एखादा 'साहेब' भेटेल, सगळं करून देतो, थकबाकीतले ३० टक्के म्हणेल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता जे बोलणं जड जातं ते. डॉक्टरांनी तुम्हाला मुदत सांगितली असेल. फाईलला त्यापेक्षा जास्त वेळ लागेल. तरीही वडील असताना, त्यांच्या सहीनेच अर्ज जाऊ द्या, कारण खरा फरक आईच्या पेन्शनमध्ये पडतो. साधी फॅमिली पेन्शन पगाराच्या ३० टक्के. मृत्यू सेवेमुळे जडलेल्या आजाराने झाला असं ठरलं तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ती ६० टक्के. अर्ज प्रलंबित असताना काही झालं तर आई तो पुढे चालवू शकते. 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर आईचं नाव, जन्मतारीख, आधार, बँक खातं जुळतंय का हे याच आठवड्यात पाहा. वडिलांच्या कागदावर 'सुमन' आणि आधारवर 'सुमनबाई' एवढ्यावर फाईल आठ महिने अडलेली मी पाहिली आहे.

आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला. रुग्णालयात गेलं तर फॉर्म ४, घरी गेलं तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फॉर्म ४ए. त्यावर "हृदय व श्वास बंद पडणे" एवढंच लिहून देतात. सगळ्यांचंच शेवटी तसं होतं. त्याच्या खालच्या ओळीत मूळ कारण लिहायची जागा असते, तिथे मेसोथेलिओमा आणि ॲस्बेस्टॉस हे शब्द हवेत. गावाकडे तर नोंद करताना सरळ 'वृद्धापकाळ' सांगितलं जातं. दुःखाच्या दिवशी चुलते-मालते जातात ग्रामपंचायतीत, त्यांना काय ठाऊक? घरातल्या एका माणसाला हे आत्ताच सांगून ठेवा. सेवेमुळे झालेल्या आजारासाठी भांडणाऱ्या बाईच्या हातात 'वृद्धापकाळ' लिहिलेला दाखला, हे मी दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा हात टेकलेत.

आईला एक विचारा. वडील रजेवर यायचे तेव्हा बॉयलरसूट घरी धुवायला आणायचे का? तिलाही कधी दम लागतो का, खोकला आहे का? असेल तर तिचाही एक्स-रे त्याच ईसीएचएस कार्डावर काढून घ्या. घाबरवायचं म्हणून नाही, पण कपड्यांवरून घरात आलेल्या तंतूंनी बायकांना हा आजार झाल्याची उदाहरणं जगात आहेत.

तूर्त एवढं करा. १९९२ ची फिल्म घरात आहे का ते पाहा: माळा, ट्रंक, देवघरामागचं कपाट. नसेल तर कारखान्याच्या टाइम ऑफिसात किंवा दवाखान्यात जाऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सापडली तर ती गुंडाळू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, उन्हात धरू नका. पांढऱ्या ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलने तीन-चार फोटो काढा, कोपऱ्यातला नंबर आणि तारीख वाचता येईल असा एक जवळून. मग दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून साताऱ्याला या. येताना सर्व्हिस सर्टिफिकेट, पीपीओ (पेन्शनचा आदेश), बायॉप्सी रिपोर्ट आणि वडिलांनी सांगितलेली ती दोन पानं. वडिलांना आणू नका, गाडीचा प्रवास त्यांना नको. सह्यांसाठी मीच येईन घरी.